घाव घालण्याआधीचे काम : दगडी हत्यारांच्या घडणीमागचे भंजनशास्त्र

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'च्या पेपरात ठिसूळ भंजन हा धडा आपण धास्तीनेच शिकतो. भेग कुठून सुरू होते, कशी पळते, हे शिकायचे ते भेग पडू नये म्हणून. पूल, बॉयलर, जहाज, विमानाची खिडकी, सगळीकडे भेग हा शत्रू. या टिपणात आपण तोच धडा उलट्या बाजूने वाचणार आहोत. ज्यांना भेग हवीच होती, आणि तीही ठरलेल्या जागी, ठरलेल्या लांबीची, अशा कारागिरांच्या बाजूने. माणसाने धातू वितळवला त्याच्या लाखो वर्षे आधी तो गारगोटीचे छिलके काढत होता. केनियातील लोमेक्वी येथील अशी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत.

सुरुवात खिडकीपासून करू. एअरगनचा छर्रा जाड काचेला लागलेला तुम्ही पाहिला असेल. ज्या बाजूने छर्रा आला तिकडे बारीक भोक, आणि मागच्या बाजूने नरसाळ्यासारखा पसरट खड्डा. मधला तुकडा शंकूच्या आकाराने निसटून पडतो. दगडी हत्यारांची सारी विद्या या शंकूत आहे.

शंकू का तयार होतो? हाइनरिक हर्ट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये दोन गोलाकार पृष्ठे एकमेकांवर दाबली तर स्पर्शाच्या जागी दाब कसा वाटला जातो याचे गणित मांडले. गोळा काचेवर दाबला की त्याच्या खाली दाब निर्माण होतो हे उघड आहे. पण स्पर्शवर्तुळाच्या अगदी कडेवर काच बाहेरच्या बाजूला खेचली जाते, म्हणजे तिथे ताण असतो. काचेचे पॉइसन गुणोत्तर ०.२२ धरून आकडेमोड केली, तर हा ताण स्पर्शवर्तुळातील सरासरी दाबाच्या साधारण २८ टक्के येतो. आकडा लहान वाटेल. पण काच दाब भरपूर सहन करते आणि ताणापुढे मात्र लगेच हार मानते. कडेवर आधीपासून असलेला एखादा सूक्ष्म ओरखडा उघडतो, भेग वर्तुळाभोवती फिरते आणि तिरकी खाली उतरते. तोच शंकू. अशा सूक्ष्म ओरखड्यांमुळे काच हिशेबापेक्षा कितीतरी कमी बळाने का फुटते, हे ग्रिफिथने १९२१ मध्ये दाखवून दिले. ते समीकरण तुमच्या पुस्तकात आहेच.

आता हाच घाव काचेच्या मध्यावर न घालता कडेजवळ घाला. शंकूची एक बाजू दगडाच्या आत उतरते, दुसऱ्या बाजूला दगडच नसतो. आत उतरलेली भेग बाहेरच्या पृष्ठाला साधारण समांतर धावते आणि एक पातळ, धारदार तुकडा सुटतो. गावाकडे आपण याला टवका किंवा कपची म्हणतो, पुरातत्त्वाच्या मराठी पुस्तकांत छिलका हा शब्द रूढ आहे. ज्या दगडातून तो निघाला तो गाभा. छिलका हेच हत्यार असू शकते, किंवा छिलके काढत काढत गाभ्यालाच आकार देऊन हातकुऱ्हाड करता येते.

कोणता दगड चालतो

कुठलाही दगड फोडता येतो, पण कुठल्याही दगडाचा छिलका निघत नाही. भेग सर्व दिशांना सारख्याच सहजतेने जाऊ शकली पाहिजे, म्हणजे मग ती कुठे जाईल हे दगड ठरवत नाही, कारागीर ठरवतो. अभ्रकाला पापुद्रे असतात, स्लेटीला थर असतात. तिथे भेग थराच्याच मर्जीने जाते. वालुकाश्माचे कण सैल बांधलेले, तो भुगा होतो. हवा तो दगड म्हणजे सिलिकायुक्त, अतिशय बारीक कणांचा किंवा कणच नसलेला. चकमक, चर्ट, कॅल्सेडोनी, अकीक, जास्पर, आणि ज्वालामुखीची नैसर्गिक काच ऑब्सिडियन. यांचे भंजन शंखाभ असते, म्हणजे तुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा उमटतात. बिअरच्या बाटलीचा जाड तळ फुटला तरी त्याच रेषा दिसतील.

आपल्या देशात खरी चकमक विरळ, पण बदली दगडांची चणचण कधीच नव्हती. दक्षिणेत क्वार्ट्झाइट होता. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले आणि भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. त्या परिसरातली हत्यारे क्वार्ट्झाइटचीच. दख्खनच्या पठारावर बसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडोनी आणि अकीक भरलेले असतात, खडक झिजला की ते गोटे नद्यांच्या पात्रात येऊन पडतात. सिंधमधल्या रोहरी टेकड्यांतला चर्ट हडप्पा संस्कृतीच्या शहरांना लांब पाती पुरवत होता.

दगड निवडताना कारागीर आधी कान वापरतो. गोटा हातात सैल धरून दुसऱ्या दगडाने हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर आत भेगा नाहीत. बद्द आवाज आला तर तो दगड बाजूला ठेवा. कुंभाराच्या दुकानात माठ घेताना आई हेच करते. यंत्रशाळेत याला 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग' असे भारदस्त नाव आहे.

कोन, कड आणि कंगोरा

मी स्वतः हे काम जुन्या बाटल्यांचे तळ आणि नदीतले गोटे घेऊन शिकण्याचा प्रयत्न केला. पहिले काही आठवडे माझा समज असा होता, की छिलका निघत नाही म्हणजे जोर कमी पडतोय. जोर वाढवला की तळाचे चार तुकडे होत. एकदा तर कॅनव्हासच्या बुटातून काच आत गेली. चूक जोराची नव्हती. घाव घालण्याआधी जे करायचे ते मी करतच नव्हतो.

काचेत भेगेचा कमाल वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर असतो. त्या वेगाने ५ सेंटिमीटर लांबीचा छिलका सुटायला लागणारा वेळ किती? सुमारे ३३ मायक्रोसेकंद. प्रत्यक्षात भेग दहापट हळू गेली असे धरले, तरी एका सेकंदाचा तीन-हजारावा भाग. एवढ्या वेळात हात थांबवता येत नाही, दिशा बदलता येत नाही, काही सुधारता येत नाही. सुताराला रंधा मारताना मध्येच थांबून पाहता येते, लोहाराला लोखंड पुन्हा तापवता येते. इथे मात्र सगळे निर्णय घाव पडण्याआधी घ्यावे लागतात, आणि ते दगडावर कोरून ठेवावे लागतात. कोरायचे म्हणजे तीन गोष्टी करायच्या.

पहिली गोष्ट कोनाची. ज्या पृष्ठावर घाव पडतो ते आघातपृष्ठ, आणि ज्या पृष्ठावरून छिलका निघायचा ते पृष्ठ, या दोहोंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. ६० ते ८० अंशांत काम सोपे जाते. नव्वदच्या वर गेला की भेगेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. नदीतला अगदी गोल गोटा म्हणूनच सुरू करायला अवघड: त्याला कडच नाही. तो ऐरणीसारख्या दगडावर ठेवून आधी फोडावा लागतो.

दुसरी गोष्ट कडेची, आणि ती नवख्याला उलटी वाटते. धार मिळवण्यासाठी आधी धार बोथट करायची. नुकत्याच निघालेल्या छिलक्यामुळे कड वस्तऱ्यासारखी पातळ झालेली असते. तिच्यावर घाव घातला, तर ती जागीच चुरडते आणि सारी ऊर्जा त्या चुऱ्यात संपते. भेगेच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून खरखरीत दगडाने कड घासून तिला जाडी द्यायची, मग घाव घालायचा. माझी सगळी कोंडी या एका घासण्याने सुटली. जुन्या हत्यारांच्या छिलक्यांवर, आघातपृष्ठाच्या काठाला हे घासल्याचे वण भिंगाखाली दिसतात.

तिसरी गोष्ट पृष्ठाच्या आकाराची. भेग नेहमी अशा वाटेने जाते जिथे सुटणाऱ्या तुकड्याला थोडी जाडी आणि ताठरपणा मिळतो. पृष्ठावर उभा कंगोरा असेल तर भेग त्या कंगोऱ्याखालून रेल्वेच्या रुळासारखी सरळ जाते आणि लांब, अरुंद पाते निघते. त्या पात्याच्या दोन्ही कडांना दोन नवे कंगोरे मागे राहतात, त्यांवरून पुढची पाती. पृष्ठ सपाट असेल तर भेग पसरते आणि लवकर संपते. पृष्ठात खळगा असेल तर ती खळग्याजवळ अडते. अडली की दोन प्रकारचे दोष उरतात. एकात छिलका मध्येच आडवा तुटून पायरी राहते. दुसऱ्यात भेग गोलाईने वर वळते आणि बिजागरीसारखी गोलसर कड राहते. अशी एक पायरी पडली की पुढचा प्रत्येक छिलका तिथेच येऊन अडतो, दोन-तीन पायऱ्या साचल्या की दगड टाकून द्यायचा. हाडकुळ्या, मध्ये कुबड असलेल्या अर्धवट हातकुऱ्हाडी तुम्हाला संग्रहालयात दिसतील. कोणीतरी लाखो वर्षांपूर्वी वैतागून टाकलेल्या त्या वस्तू आहेत.

कंगोरा नैसर्गिक नसला तर तो बनवायचा. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत, कॅल्सेडोनीची पाती सापडली. त्या लोकांकडे तांबे होते, पण ते महाग आणि कमी, म्हणून रोजच्या कापण्याला पाती दगडाचीच. गोट्याच्या एका बाजूला दोन्हीकडून आलटूनपालटून बारीक छिलके काढून नागमोडी कंगोरा घडवायचा, पहिले पाते त्या कंगोऱ्यासह काढायचे, आणि मग सरळ पात्यांची रांग लावायची.

याहून अधिक लांबचा विचार 'लव्हालवा' या नावाच्या पद्धतीत दिसतो. पॅरिसच्या एका उपनगरावरून हे नाव पडले. इथे गाभ्याचा पृष्ठभाग सगळ्या बाजूंनी छिलके काढून कासवाच्या पाठीसारखा फुगीर केला जातो, आघातपृष्ठ स्वतंत्रपणे तयार केले जाते, आणि मग एकच घाव. त्या घावाने निघणाऱ्या छिलक्याचा आकार आधीच ठरलेला असतो, कधी कधी थेट त्रिकोणी टोकाचा. तमिळनाडूतील अतिरामपक्कम येथे ही पद्धत सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी वापरात होती. तीस-चाळीस घाव तयारीचे आणि एक घाव फळाचा. हे करणाऱ्या मेंदूला 'रानटी' म्हणायची सवय आपण सोडलेली बरी.

हातोडा कशाचा

दगडाचा हातोडा आघात एका बिंदूवर केंद्रित करतो. छिलका जाड निघतो आणि घावाखाली ठसठशीत फुगवटा येतो. शिंग, हाड किंवा कठीण लाकडाचा हातोडा मऊ असल्याने काठाला किंचित चावा घेतो, स्पर्शाची जागा आणि वेळ वाढते, छिलका पातळ आणि पसरट निघतो. हातकुऱ्हाड पातळ करण्याचे शेवटचे काम अशा मऊ हातोड्याचे.

बाणाचे किंवा भाल्याचे टोक मात्र घावांनी पुरे होत नाही. तिथे दाबाने छिलके काढतात. डाव्या तळहातावर जाड चामडे, त्यावर पानाच्या आकाराचा तयार तुकडा, उजव्या हातात शिंगाचे किंवा तांब्याचे टोक असलेली काडी. टोक कडेवर टेकवून आधी आतल्या दिशेने शरीराचा भार द्यायचा, आणि भार पुरेसा झाला की किंचित खाली दाबायचे. बारीक 'टिक्' आवाज येतो आणि खालच्या बाजूने लांबट छिलका चामड्यावर पडतो. आतला भार भेगेला लांब नेतो, खालचा दाब तिला सुरू करतो. इथेही एक अट आहे: जिथे टोक टेकवायचे ती कड तुकड्याच्या मधल्या पातळीच्या थोडी खाली हवी. मधल्या पातळीवर किंवा वर असली, तर छिलक्याऐवजी तुकडाच वाकतो. वाकला की एका पृष्ठावर ताण येतो, आणि तो मधोमध मोडतो. माझी पहिली तीन टोके अशीच मोडली. साध्या तुळईच्या आकृतीत तुम्ही जे बेंडिंग काढता, तेच हे.

१९११ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा उरलेला माणूस लोकांसमोर आला. मानवशास्त्रज्ञांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो लोकांसमोर बाणांची टोके बनवत असे, आणि त्यांतली कितीतरी त्याने बाटल्यांच्या काचेतून काढली. दगड बदलला तरी भंजनाचे नियम तेच आहेत हे त्याच्या हातांना माहीत होते.

कधी कधी दगड आधी तापवतात. चर्ट आणि अकीक हळूहळू काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तितक्याच हळू थंड केले की भेग अधिक गुळगुळीत धावते. घाई केली तर तापमानातील फरकाने दगड आपोआप तडकतो. दक्षिण आफ्रिकेतील पिनॅकल पॉइंट येथे ७० हजार वर्षांहून आधी हे तंत्र वापरल्याचा पुरावा आहे.

खंभातमध्ये आजही

हे सगळे संपून गेले आहे असे समजू नका. गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे मणी घडवणारे कारागीर आहेत. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून अकीक येतो, तापवला की त्यातल्या लोहामुळे लालसर होतो, आणि मग घडाई. त्यांची रीत निराळी आहे. लोखंडाची टोकदार सळई जमिनीत तिरकी रोवलेली असते. दगडाची कड तिच्या टोकाला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाचे डोके असलेल्या हलक्या हातोडीने ठोका द्यायचा. छिलका हातोडीच्या बाजूने नव्हे, सळईच्या टोकापासून सुटतो. म्हणजे खरा घाव सळई घालते. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना मी हेच उदाहरण देतो.

व्हॅलेंटाइन रू आणि ब्लांदीन ब्रिल या फ्रेंच संशोधिकांनी १९९० च्या दशकात या कारागिरांच्या हातोडीचा त्वरण मोजून अभ्यास केला. कसबी आणि कमी कसबी कारागिरांत फरक कशाचा? पुढे काय करायचे याचा क्रम दोघांनाही ठाऊक असतो. फरक पडतो तो एकेका ठोक्यावरच्या ताब्यात. तो ताबा यायला वर्षे जातात. हे वाचल्यावर मला माझ्या बाटल्यांचे तळ आठवले आणि थोडे हायसे वाटले.

पण खंभातची दुसरी बाजूही अभियंत्याने पाहायला हवी. अकीक म्हणजे सिलिका. घडाईत मोठ्या कपच्या उडतात, पण मणी घासताना आणि भोक पाडताना उडते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथले ऊतक कडक होत जाते, आणि सिलिकोसिस होतो. यावर बरे करणारे औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांत हा आजार नोंदवला आहे. घसाई घरातच चालत असेल, तर धूळ कारागिरापुरती राहत नाही, बायकामुलेही तीच हवा घेतात. इंग्लंडमधील ब्रँडन गावात बंदुकीसाठी चकमक फोडणाऱ्यांचीही हीच गत झाली होती. ओली घसाई, धूळ ओढून घेणारा पंखा, कामाची जागा घरापासून वेगळी, हे उपाय अवघड नाहीत. तुमच्यापैकी कोणाला अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर धूळ ओढणारे स्वस्त घसाईयंत्र यापेक्षा उपयोगी विषय मला सुचत नाही.

करून पाहायचे असेल तर

उघड्यावर बसा, वारा पाठीमागून येऊ द्या. डोळ्यांवर गॉगल, हातात चामड्याचे मोजे, पायांत बंद बूट, खाली जाड ताडपत्री. कोरड्या दगडाने कड घासताना मास्क हवाच, नुसता रुमाल पुरत नाही. कपच्या गोळा करून कचऱ्यात टाका, शेतात किंवा नदीकाठी सोडू नका. गाईगुरांच्या खुरात जातात हे एक, आणि उद्या एखाद्या पुरातत्त्वज्ञाला त्या खऱ्या वाटल्या तर त्याची दिशाभूल होईल हे दुसरे. त्याच कारणाने जुन्या स्थळावरचा दगड उचलायचा नाही. कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे के. पद्दय्या यांनी डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केले, तेव्हा चुनखडीच्या फरश्या, हातोड्याचे दगड, गाभे, छिलके आणि अर्धवट हत्यारे एकाच ठिकाणी पसरलेली सापडली. अख्खी कार्यशाळा, बारा लाख वर्षांपूर्वीची. त्या पसाऱ्यातला एक छिलका कोणी खिशात घातला असता, तर तो कुठल्या गाभ्याचा हे कायमचे हरवले असते.

पुढच्या तासापूर्वी एवढे करा. जाड काचेचा फुटका तुकडा मोज्यांनी धरून उन्हात तिरका करा आणि तुटलेल्या पृष्ठाचे चित्र काढा. वळणदार लहरी दिसतील. त्या सगळ्या एका बिंदूभोवती गोलाकार असतात. तो बिंदू शोधा. तिथे लहानसा फुगवटा असेल तर घाव बाहेरून एका जागी पडला. फुगवटा नसेल आणि लहरी सपाट असतील, तर काच वाकून किंवा तापून तुटली असण्याची शक्यता जास्त. नदीत आपटून फुटलेला गोटा आणि माणसाने फोडलेला गोटा यांत फरक करण्याची सुरुवात इथूनच होते. मात्र एका छिलक्यावर निकाल देऊ नका. नदीही कधी कधी नेमका घाव घालते. एकाच कडेवर, एकाच दिशेने, ओळीने पाच-सहा छिलके निघालेले दिसले, तर आपल्या चित्रात प्रत्येकाचा बिंदू आणि क्रम बाणांनी दाखवून आणा.